आर्लिसच्या लेकीचं मत

आर्लिस टर्होस्टच्या माहेरी मतदानाला चर्चचे कपडे घालून जायची रीत होती. तिचे आजोबा एरवी दिवसभर डुकरांच्या गोठ्यात असायचे, पण निवडणुकीच्या मंगळवारी सकाळीच अंघोळ करून काळा कोट चढवायचे आणि हॅट हातात धरून जायचे. म्हणायचे, "रविवारी देवापुढं उभं राहायचं, मंगळवारी राज्यापुढं. मधल्या काळात माणूस बदलता कामा नये."

आर्लिसनं हे फारच मनावर घेतलं, असं न्यू ड्रेन्थमधल्या लोकांचं म्हणणं. अमेरिकेतल्या डकोटाच्या मैदानावरचं ते डच वंशाचं गाव. तिथं कुणी कुणाला तोंडावर काही बोलत नाही. राग आलाच तर कॉफीचा दुसरा कप नको म्हणतात, तेवढ्यानं समोरचा काय ते समजतो. आर्लिस मात्र बोलायची. मतं मागायला आलेल्या आमदाराला तिनं भर सभेत विचारलं होतं, "पोटातल्या बाळाचा कैवार घेता, ते बरंच आहे. मग जन्मलेल्या बाळाच्या औषधांना पैसे द्यायची वेळ आली तेव्हा बाजूनं मत का नाही दिलंत?" आमदार तिच्याच पक्षाचा होता. घरी येताना तिचा नवरा डेल गाडीत म्हणाला, "त्याला मत देणार आहेस ना शेवटी?"

"बघेन. आधी घाम तर फुटू दे त्याला."

त्या गावाला अशी माणसं परवडत नाहीत आणि त्यांच्यावाचून गावाचं चालतही नाही.

तिचा हा स्वभाव पहिल्यापासूनच होता, पण त्याला धार आली ती यानेका पोटात होती तेव्हा. चौथा-पाचवा महिना होता. शहरातल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि बाळाला डाउन सिंड्रोम असल्याचं सांगितलं. हृदयातही दोष होता. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. आवाज मऊ होता, टेबलावर रुमालांचा डबा आधीच पुढं सरकवून ठेवला होता. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात आम्ही तुम्हाला वेळ देऊ शकतो. बहुतेक जोडपी तोच निर्णय घेतात."

"वेळ कशासाठी?" आर्लिसनं विचारलं. तिला कळलं होतं. पण तो शब्द त्यांच्या तोंडून यावा, असं तिला वाटत होतं.

डॉक्टरांनी तो उच्चारला नाही. ते म्हणाले, "यातून मोकळं व्हायला."

आर्लिस उठून उभी राहिली. "हिचं नाव यानेका आहे," ती म्हणाली. नाव ठरलं नव्हतं. मुलगी आहे हेही त्याच दिवशी कळलं होतं. पणजीचं नाव तोंडात आलं, ते तिनं ढालीसारखं पुढं धरलं. डेल चकित होऊन तिच्याकडं बघत राहिला. मग तोही उठला आणि म्हणाला, "हो, यानेका."

त्यानंतर काय काय झालं हे सांगत बसलं तर सगळी गोष्ट त्यातच संपेल. शस्त्रक्रिया झाल्या, पहिला शब्द यायला वर्षं लागली, शाळेत घेण्यावरून भांडणं झाली. आता यानेका मोठी झाली होती. गावातल्या वृद्धाश्रमात टॉवेल-चादरी घड्या करायची नोकरी करत होती. पगाराच्या दिवशी सगळ्यांना आइस्क्रीम खायला घालायची आणि तिच्या घडीला कुणी हात लावला तर चिडायची. आर्लिस मत द्यायची ते पोटातल्या बाळाच्या या एका प्रश्नावर आधी. रस्ते, कर, सोयाबीनचे भाव, सगळं नंतर. जन्मू न दिलेल्या माणसाला रस्ते काय करायचेत, असं तिचं साधं गणित होतं, आणि गणित हाच तिचा विषय होता. ख्रिस्ती शाळेत ती तोच शिकवायची.

त्या शरद ऋतूत राज्याच्या स्वतःच्या घटनेत गर्भपाताचा हक्क घालायचा की नाही, हे थेट मतदारांना विचारलं जाणार होतं. हो किंवा नाही. आर्लिस दारोदार फिरली. अंगणाअंगणात 'नाही'च्या पाट्या रोवल्या. वाऱ्यानं पडल्या तर पुन्हा रोवल्या. आणि त्याच निवडणुकीत यानेका पहिल्यांदा मत देणार होती.

उपासनेनंतर रविवारी सगळे आर्लिसकडं कॉफीला जमले. डेलची बहीण जोलीन, म्हणजे आर्लिसची नणंद, शहरात नर्स होती. तिचं मत उलटं होतं आणि ती ते लपवतही नव्हती. बदामाचं सारण भरलेली बांकेट, त्यांची डच मिठाई, मोडता मोडता ती हसून म्हणाली, "वहिनी, तुझं बरं आहे बाई. आम्हाला एकच मत, तुला दोन."

"म्हणजे काय?"

"म्हणजे यानेकाचं तूच टाकणार ना! ती काय, तू म्हणशील ते. पोपटाला काय, विठू म्हणायला शिकवलं की झालं."

"जोली!" डेल म्हणाला.

"अरे, मी चेष्टा करतेय. पण खोटं आहे का?"

आर्लिसनं एरवी तिला तिथंच गार केली असती. पण यानेका स्वयंपाकघरात होती आणि तिथून तिचा आवाज येत होता. कपबशा विसळता विसळता ती गुणगुणत होती, "नाही, नाही, नाही म्हणा." अंगणातल्या पाटीवरचं वाक्य होतं ते. आर्लिसनंच पाट्या रोवताना तिला शिकवलं होतं, चालीवर. आर्लिसनं हातातली बांकेट बशीत परत ठेवली.

जोलीन गेल्यावर डेल म्हणाला, "तिचं काय एवढं मनावर घेतेस? आणि समज, सांगितलंस यानेकाला कुठं खूण करायची, तर त्यात वाईट काय? आईबापच सांगतात. कायद्यानं तिला मदतनीस घेता येतो."

"मदतनीस, डेल. मालक नाही."

"यावेळी एकेक मत मोलाचं आहे, तूच म्हणतेस."

"म्हणते. आणि तिचं मत मी टाकलं तर त्या डॉक्टरात आणि माझ्यात फरक काय? त्यांनाही वाटलं होतं, हिच्या वतीनं दुसऱ्यानं ठरवलेलं बरं."

असं काही ऐकलं की डेल जनावरांना चारा घालायला जायचा. तसाच गेला.

आर्लिसला मात्र चारा घालायला जाता येईना. नाही म्हणून जन्मभर भांडली, आणि आता लेकीला स्वतःचं 'हो' म्हणायची मोकळीक द्यायची? यानेकानं चुकून उलटा गोल काळा केला तर? चुकून नव्हे, मुद्दाम केला तर? जोलीनआत्या तिची लाडकी होती. तरीही आर्लिसनं दुसऱ्या दिवशी यानेकाला टेबलापाशी बसवलं आणि मतपत्रिकेचा नमुना समोर ठेवला. त्यावर त्या प्रश्नाशिवाय शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, पाण्याचं मंडळ अशा जागाही होत्या.

"ते गाणं मी तुला शिकवलं, ते विसर. मी चुकले," ती म्हणाली. "आता मी वाचते, तू ऐक."

तिनं प्रश्न सोप्या शब्दांत वाचला. 'हो' म्हटलं तर काय होईल आणि 'नाही' म्हटलं तर काय, दोन्ही सांगितलं. 'हो'वाल्यांचं म्हणणंही सांगितलं, जोलीन सांगते तसं: काही बायका फार अडचणीत असतात, काही आजारी असतात. सांगताना तिची जीभ जड झाली, पण सांगितलं.

यानेकानं नीट ऐकलं. मग विचारलं, "शेरीफ कुठंय?"

"अं?"

"शेरीफला मत द्यायचंय. आमच्या आश्रमात आला होता. माझ्याबरोबर पोल्का नाच केला. मिशी छान आहे."

"यानेका, त्याच्याविरुद्ध बाबांचा चुलतभाऊ उभा आहे."

"तो नाचत नाही," यानेका म्हणाली आणि विषय संपवला.

आर्लिसला हसूही आलं आणि धास्तीही वाटली. मिशीवर शेरीफ निवडणारी पोरगी दुसऱ्या प्रश्नाचं काय करेल, देव जाणे. आणि ते देवानंच जाणावं, आपण नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली.

मंगळवारी दोघी चर्चच्या कपड्यांत निघाल्या. डेलनं पहाटेच मत देऊन टाकलं होतं. मतदान केंद्र त्यांच्याच चर्चच्या तळघरातल्या सभागृहात होतं. तेच लाकडी टेबल, तीच कॉफीची मोठी किटली, भिंतीवर बायबलशाळेतल्या मुलांनी रंगवलेला, बायबलमधल्या योनाला गिळणारा मासा, तो मात्र आज मतदानासाठी चादरीनं झाकलेला. मुख्य अधिकारी म्हणून बसली होती वर्ला डेयोंग. गावातली पोरं तिला वर्लाआजी म्हणत. तीस माणसांच्या जेवणाचं गणित ती बोटांवर करायची आणि निवडणुकीचे नियम तिला स्तोत्रांसारखे पाठ होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर शहरातून आलेली तमारा क्विस्ट नावाची तरुण बाई बसली होती. 'हो'वाल्यांकडून आलेली निरीक्षक. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर वही.

यानेकानं ओळखपत्र दाखवलं, सही केली, पत्रिका घेतली.

"मदत हवी का गं, सोनू?" वर्लानं विचारलं.

"नको, वर्लाआजी."

ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं जाऊन बसली. आर्लिस रांगेतच थांबली. आपली पाळी आली तरी तिनं मागच्याला पुढं जाऊ दिलं. यानेकाचं होईपर्यंत तिला दुसरं काही सुचणार नव्हतं.

यानेकानं पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकली. याच इमारतीत, प्रवचन सुरू झालं की सगळे हेच करतात. मग तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि घरी जेवणाआधी करते तशी प्रार्थना सुरू केली. मोठ्यानं. टर्होस्टांच्या घरात मनातल्या मनात प्रार्थना कुणी कधी केलीच नव्हती.

"प्रभू, हा दिवस दिलास म्हणून आभार. आश्रमातल्या आजींना बरं कर. बाबांच्या डुकरांना सांभाळ. पोटातल्या बाळांना सांभाळ, त्यांना कुणी मारू नये. जोलीनआत्याला सांभाळ. शेरीफला पुन्हा नाचायला पाठव. येशूच्या नावानं."

"आमेन," रांगेतला म्हातारा हार्लन म्हणाला. आणि त्याच्याबरोबर रांगेतली सगळी माणसं म्हणाली, "आमेन." टोप्या हातात आल्या होत्या, माना खाली गेल्या होत्या. टेबलामागच्या दोन कारकुनांनीही मान खाली घातली होती. कुणाच्या लक्षातच आलं नाही की आपण काय केलं. या तळघरात कुणी प्रार्थना म्हणावी आणि यांनी आमेन म्हणू नये, हे त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत झालं नव्हतं.

तमारा खुर्चीतून ताडकन उठली.

"हा प्रचार आहे! मतदान केंद्रात! आणि सगळ्यांनी दुजोरा दिला!"

"बाई, प्रार्थना होती ती," हार्लन म्हणाला.

"'बाळांना कुणी मारू नये' हा आजच्या प्रश्नावरचा प्रचार नाही तर काय? आणि तिला हे पढवून पाठवलंय, हे दिसत नाही का तुम्हाला? मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाहीये. मला राग तिला वापरणाऱ्यांचा येतोय." तिनं आर्लिसकडं पाहिलं. "ही पत्रिका बाजूला ठेवावी. तिला मतपत्रिकेवर काय आहे ते विचारावं, मग ठरवावं."

आडोशामागून यानेकाचं डोकं वर आलं. "मी काय केलं?"

"काही नाही, बस तू," वर्ला म्हणाली. मग खुर्ची सरकवून ती आर्लिसपाशी आली आणि हळू आवाजात बोलली, "हे बघ, आर्लिस. सोपं करू या. तू तिच्याजवळ बस. मदतनीस म्हणून सही कर. दोन मिनिटांत खुणा करून टाक. मग ती बोलणार नाही, ही बाईही बोलणार नाही. सगळं नियमात."

आर्लिसनं आडोशाकडं पाहिलं. चार पावलांवर पेन होतं. रविवारपासून जी धास्ती घेऊन ती फिरली होती, ती त्या चार पावलांनी संपणार होती. 'नाही'चा गोल काळा होईल, पक्का. कुणी नावं ठेवणार नाही. उलट नियमच तिला पेन हातात देत होता.

"नाही," ती म्हणाली.

"अगं..."

"तिनं मागितली तर देईन. यानेका, मदत हवीय का माझी?"

"नको! तू लांब जा. तू बघतेस," यानेका म्हणाली.

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. आर्लिस कोटांच्या दांडीपर्यंत मागं गेली आणि तिथून तमाराकडं वळली.

"तिला प्रश्न विचारायचेत तुला? विचार. पण आधी हार्लनला विचार, पाण्याच्या मंडळावर कोण कोण उभे आहेत."

"मला काय माहीत?" हार्लन म्हणाला. "मी तर ज्याचं आडनाव ओळखीचं त्याच्यापुढं खूण करतो."

"ऐकलंस? आता त्याची पत्रिका बाजूला ठेव. मग माझ्या मागचे दोघं, मग शहरात जाऊन तुझ्या गल्लीतले सगळे. सगळ्यांची परीक्षा झाली की शेवटी माझ्या मुलीकडं ये. तोवर ती या राज्याची नागरिक आहे, आणि तिच्या डोक्यात काय आहे हे तुला कळत नाही. मलाही कळत नाही!"

"तुम्ही तिला काय शिकवलंय ते आत्ता सगळ्यांनी ऐकलं," तमारा म्हणाली. आवाज चढला नव्हता. आर्लिसला तोच जास्त झोंबला.

"प्रार्थना शिकवली. हो, शिकवली. तुझ्या आईनंही तुला काहीतरी शिकवलंच असेल, आणि ते घेऊनच तू इथं आलीयेस. मी तुला बाहेर काढा म्हटलं का?"

"पुरे!" वर्लानं टेबलावर थाप मारली. किटलीचं झाकण हललं. "आता माझं ऐका. यानेका, सोनू, इथं प्रार्थना मनातल्या मनात करायची. मोठ्यानं नाही."

"देवाला ऐकू येईल?"

"येईल. त्याचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत. आणि तुम्ही सगळे आमेनवाले! आज इथं उपासना नाही. तोंडं बंद आणि टोप्या डोक्यावर. तमारा, तुझी तक्रार लिहून दे, मी वर पाठवेन, एक शब्द न गाळता. पण पत्रिका तिची आहे आणि तीच भरेल. प्रश्न विचारायचा अधिकार मलाही नाही आणि तुलाही नाही."

तमारा लिहायला बसली. रांगेतल्यांनी पोरांसारख्या टोप्या डोक्यावर घातल्या.

यानेका पुन्हा वाकली. बराच वेळ गेला. पेनाचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता. मग ती उठली आणि पत्रिका उलटी धरून वर्लापाशी आली.

"चुकलं. दुसरा कागद."

आर्लिस एक पाऊल पुढं आली आणि तिथंच थांबली. कुठं चुकलं? शेरीफपाशी, की तिथं? कागद उलटा होता, पण उजेडात शाई आरपार दिसत असणार. मान जरा तिरकी केली असती तरी कळलं असतं. तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि योनाच्या माशावरच्या चादरीची शिवण बघत राहिली. आपली मान इतकी जड कधी झाली नव्हती, असं तिला वाटलं. मागं वर्लानं चुकलेली पत्रिका पाकिटात बंद केल्याचा आवाज झाला, मग नव्या पत्रिकेचा.

दुसऱ्यांदा यानेकाला वेळ लागला नाही. ती ताठ मानेनं यंत्रापाशी गेली, पत्रिका आत सरकवली. यंत्रानं ती गिळली. वर्लानं 'मी मत दिलं'चं चिकटपत्र तिच्या कोटाला लावलं. यानेका तिथून थेट तमाराकडं गेली आणि तिच्यासमोर पेपरमिंट धरली.

"घे. प्रवचनात भूक लागते."

तमारानं घ्यावी की नाही, असा क्षणभर विचार केला. मग घेतली. यानेका किटलीकडं गेली तेव्हा ती आर्लिसजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्ही बघितलं नाहीत."

"नाही."

"तिनं 'हो' म्हटलं असेल तर?"

"म्हटलं असेल."

"आणि तुम्हाला चालेल?"

"मुळीच चालणार नाही," आर्लिस म्हणाली. "जीव जळेल माझा. तिला सांगेनही की तू चुकलीस. पण जे माणूस म्हणून जन्माला यावं यासाठी मी भांडले, त्याला माणूस म्हणून चुकूही देईन. तुझ्यापुढं, माझ्या नणंदेपुढं, कुणाहीपुढं." तिनं कोट नीट केला. "आता बाजूला हो. माझं मत राहिलंय."

ती टेबलापाशी गेली. वर्ला तिला लहानपणापासून ओळखत होती, तरी नियमाप्रमाणं तिनं नाव विचारलं.

"आर्लिस जोहाना टर्होस्ट," ती म्हणाली, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं. सही केली, पत्रिका घेतली आणि आडोशामागं बसली. प्रार्थना मनातल्या मनातच केली, ओठ मात्र हलले. मग बाकी सगळं सोडून ती आधी त्या प्रश्नापाशी गेली आणि 'नाही'पुढचा गोल इतका दाबून काळा केला, की खालच्या टेबलाच्या लाकडावर त्याचा वण उमटला.